शोभेचं गवत

भुंगा आला की वैजूताई खिडक्या लावून घेत. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी साडेसहाला तो यायचा. परातीएवढं, चार पंखांचं ते यंत्र हिरवळीवरून हातभर उंचीनं सरळ रेषेत जायचं, टोकाला वळायचं आणि मागे धुक्यासारखा फवारा सोडत परत यायचं. टाउनशिपमधल्या मुलांनी त्याचं नाव भुंगा ठेवलं होतं. खरा भुंगा त्यांतल्या किती मुलांनी पाहिला होता, कोण जाणे. वैजूताईंनाही तीन वर्षांत दिसला नव्हता.

नाशिकच्या पश्चिमेला, जिथे त्यांच्या तरुणपणी द्राक्षांचे मांडव होते, तिथे आता शाद्वल टाउनशिपच्या अकरा इमारती होत्या आणि त्यांच्या मधोमध तीन एकर हिरवळ. हिरवळ म्हणजे अगदी गालिचा. एक पान वर नाही, एक फूल नाही, एक मुंगी नाही. माहितीपत्रकात त्या गवताचं परदेशी नाव लिहिलेलं होतं आणि लोक ते कौतुकानं सांगत. वैजूताई हसत. ती हरळी होती. शेतकरी जिला खणून खणून थकतो, आणि आपण गणपतीला जिच्या दूर्वा वाहतो, ती.

"वैजू," मागून अरविंदरावांचा आवाज आला.

ते देवघरासमोर पाटावर बसले होते. मांडीवर दूर्वा सांडल्या होत्या, बोटांत दोऱ्याचा गुंता झाला होता.

"सात झाल्या. बाप्पाला म्हणावं, आज सातांवर भागव. एरवी एकवीस घेऊन तरी त्यानं माझं काय भलं केलंय?"

"काहीतरीच बोलता," म्हणत वैजूताईंनी गुंता सोडवायला घेतला. त्यांनी नवऱ्याच्या हातांकडे बघायचं टाळलं.

ते हात चित्रकलेच्या शिक्षकाचे होते. चौतीस वर्षं गायधनी सरांनी फळ्यावर एका झटक्यात वर्तुळ काढलं होतं, आणि मुलं मधल्या सुट्टीत त्यावर दोरी लावून ते खरंच गोल आहे का हे तपासत. आता त्याच हातांत चहाचा कप वाजायचा. डोळ्यांना सारखं पाणी, नजर धूसर, झोपेत उशी लाळेनं ओली. डॉक्टर म्हणाले, वय झालं. वैजूताईंनीही मान डोलावली होती. अठ्ठ्याहत्तर म्हणजे वय झालंच की.

पण त्या उन्हाळ्यात दोघं दापोलीला लेकीकडे महिनाभर राहून आले. तिसऱ्या आठवड्यात अरविंदरावांनी तिच्या अंगणात खडूनं मोर काढला. पिसाऱ्यातला डोळान् डोळा जागेवर. लेक रडली. वैजूताईंना वाटलं, समुद्राची हवा मानवली. नाशिकला परतल्यावर पंधराव्या दिवशी कप पुन्हा वाजू लागला, तेव्हा मात्र त्यांच्या डोक्यात काहीतरी लख्खकन चमकलं.

कारण त्यांचं आयुष्य शोधण्यात गेलं होतं. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांत औषधांचे अंश किती आहेत, ते तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्या एकतीस वर्षं होत्या. औषध म्हणजे कीटकनाशक. शेतावर सगळे त्याला औषधच म्हणतात, आणि वैजूताईंनीही कधी दुसरा शब्द वापरला नव्हता. किलोभर द्राक्षांत मिलिग्रॅमचा शंभरावा भाग जास्त निघाला, तरी अख्खा कंटेनर थांबवायच्या त्या. शेतकरी हात जोडून उभे राहत. "बाई, एवढ्यानं कोण मरतंय?" त्या म्हणत, "तिकडचं लेकरू खाणार आहे, दादा." त्या वेळी त्यांना स्वतःचा अभिमान वाटायचा. पुढे कधीतरी तेच वाक्य आपल्यावरच उलटेल, असं वाटलं नव्हतं.

त्यांनी डॉक्टर पगारांकडून रक्तातली एक तपासणी हट्टानं करून घेतली. डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला.

"मावशी, हे मला फवारणी करणाऱ्या मजुरांमध्ये दिसतं. सर कुठं फवारणीला जातात?"

"ते लिफ्टपर्यंतसुद्धा माझा हात धरून जातात."

"मग हे यांना कसं?"

"आणि मजुरांना झालेलं चालतं का हो, डॉक्टर?" वैजूताई म्हणाल्या. डॉक्टरांनी अहवाल घडी करून त्यांच्या हातात दिला.

घरी आल्यावर त्यांनी अरविंदरावांना फळा पुसायचं उदाहरण देऊन सांगितलं. मज्जातंतूनं स्नायूला निरोप दिला, हल. तो निरोप एका रसायनानं लिहिलेला असतो. काम झालं की शरीरातलंच दुसरं एक द्रव्य येऊन तो पुसतं, म्हणजे फळा पुढच्या निरोपाला मोकळा. काही कीटकनाशकं नेमकं ते पुसणारं द्रव्य धरून बसतात. मग निरोप पुसलाच जात नाही. हल, हल, हल. किडा तडफडून मरतो. माणूस मोठा असतो, थोड्या मात्रेनं मरत नाही. त्याचा हात थरथरतो, डोळे पाझरतात, आणि सगळे म्हणतात वय झालं.

"म्हणजे माझ्या फळ्याचं डस्टर कुणीतरी पळवलंय," अरविंदराव म्हणाले.

"हो. आणि कुणी ते मी शोधणार."

शोधायचं साधन गावातल्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रात होतं. बनावट औषधांनी शेतकरी पार नागवले गेले, तेव्हा सरकारनं चार वर्षांपूर्वी सक्ती केली होती की कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक घाण्यात, म्हणजे एका वेळी बनवलेल्या मालात, त्या घाण्याची खूण हवी. खूण म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला डीएनएचा एक छोटा तुकडा, काचेसारख्या इवल्याशा कवचात बंद केलेला. जगात कुठल्याच जिवाशी न जुळणारा, आणि दर घाण्याला वेगळा. तो उन्हानं विरत नाही, पाण्यानं नासत नाही, पोटातूनही जसाच्या तसा बाहेर पडतो. दुकानदार औषधाचा थेंब कागदी पट्टीवर टाकून पट्टी खूणयंत्रात सरकवतो, आणि पडद्यावर येतं: कुठला घाणा, कधीचा, कशासाठी विकलेला. माल अस्सल आहे की नक्कल, एवढंच बघायला हे यंत्र काढलेलं. पट्टी माणसाला लावून पाहावी, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

नितीन बोरस्त्याच्या दुकानात वैजूताईंनी पिशवीतून छोटी बाटली काढली.

"ताई, हे कुठलं औषध म्हणायचं?"

"हे तुझ्या सरांची लघवी म्हणायचं. पट्टी लाव."

बोरस्ते सरांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं तोंड वाकडं केलं, पण पट्टी लावली. दोन मिनिटांनी पडद्यावर अक्षरं आली. हरितमखमल. घाणा एचएम ४४१७. वापर: शोभेची हिरवळ व बागा.

"हे तर तुमच्याच टाउनशिपला जातं," तो पुटपुटला. "ताई, खूण काही विषारी नसते हां. कंपनी तसं लिहूनच देते."

"पावलाचा ठसाही कुणाला चावत नाही, नितीन. पण कोण घरात शिरलं होतं, ते कळतं."

संध्याकाळी त्या समोरच्या इमारतीत निमाकडे गेल्या. निर्मला शौचे, त्यांची सख्खी धाकटी बहीण आणि टाउनशिपची चेअरमन. 'सर्वांत देखणी हिरवळ' म्हणून लागोपाठ दोन वर्षं मिळालेली ढाल तिच्या दिवाणखान्यात होती. मार्गशीर्षात तिच्या रेवतीचं लग्न होतं, तेही याच हिरवळीवर.

निमानं सगळं ऐकून घेतलं. मग पदरानं ढालीवरची धूळ पुसत म्हणाली, "ताई, तू आयुष्यभर नळकांड्यांत नाक खुपसून बसलीस. तुला प्रत्येक गोष्टीत विषच दिसणार. भावोजींनी वर्षभरात हिरवळीवर पाय तरी ठेवलाय का?"

"नाही."

"मग? उडून आलं? तू तर खिडक्यासुद्धा लावून घेतेस."

"कसं आलं ते शोधतेय. पण आलंय हे नक्की. निमा, द्राक्षावर मारलेल्या औषधाला नियम आहेत. फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही, किती अंश चालतो, सगळं लिहिलेलं आहे. या गवताला एकही नियम नाही. का, तर शोभेचं गवत कुणी खात नाही."

"नाहीच खात. आपण काय म्हशी आहोत?"

"आठ वर्षं चंद्रभागा गांगुर्डे आणि तिच्या सहा बाया खुरप्यांनी हीच हिरवळ राखत होत्या. काय कमी होतं तेव्हा?"

"डाग होते! मधेच घोळ, मधेच आघाडा. फोटोत दिसायचं. आणि त्या बाया दिवसभर हसायच्या खिदळायच्या, लोक तक्रारी करायचे." निमाचा आवाज चढला. "ताई, माझ्या एकुलत्या एका पोरीचं लग्न आहे. तीन महिने गप्प बस. मग काय ते आंदोलन कर."

वैजूताई उठल्या. चपला घालताना म्हणाल्या, "गांगुर्डेबाई जाताना घोळीची जुडी हातात ठेवायची. तू तिची भाजी करायचीस. आता त्याच हिरवळीतलं एक पान तोंडात घालून दाखव."

निमानं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून वैजूताई बंदीसाठी सह्या गोळा करू लागल्या. अकरा इमारती, एकशे चौतीस घरं. पायात वात असलेली बाई जिने चढायची, कारण लिफ्टमध्ये लोक घड्याळाकडे बघत आणि जिन्यात थांबून ऐकत. पाटणकर म्हणाले, फवारा बंद केला तर साप येतील. एक तरुण आई म्हणाली, काकू, पटतंय हो, पण फ्लॅट विकायचाय, हिरवळ बघूनच गिऱ्हाईक येतं. एका गृहस्थांनी दारातच सांगितलं, शेतकरी याच्या दसपट मारतात, त्यांना जाऊन सांगा. वैजूताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"शेतकरी पिकासाठी मारतो, साहेब. पीक गेलं तर त्याचं घर बसतं. तुमचं काय बसणार आहे? एक घोळीचं रोप दिसलं तर तुमच्या डोळ्यांना टोचतं, एवढंच ना? त्यासाठी मज्जातंतू जाळणारं औषध आठवड्यातून दोनदा?"

दार बंद झालं. भाद्रपद लागेपर्यंत एकोणतीस सह्या झाल्या होत्या. सगळ्यांचा प्रश्न निमाचाच होता. सर हिरवळीवर जात नाहीत, मग त्यांच्या अंगात ते गेलं कसं?

वैजूताईंनी बोरस्त्याकडचं जुनं यंत्र मागून आणलं आणि घर पालथं घातलं. पायपुसणं, पडदे, पिण्याचं पाणी, भाजी, दूध, पंख्याच्या पात्यावरची धूळ. पायपुसण्यावर पुसटशी खूण निघाली, बाकी कुठेच नाही. पायपुसणं तर माणूस चाटत नाही.

टाउनशिपचा गणपती बसला. भांडण असलं तरी रोजच्या एकवीस जुड्या वैजूताईंनीच बांधायच्या, हे अकरा वर्षांचं ठरलेलं होतं. घरचा देव असो की मांडवातला, त्या पहाटे हिरवळीच्या कडेला वाकून कोवळ्या तीन पात्यांच्या दूर्वा खुडत. पाटीवर लिहिलेलं असे, फवारणीनंतर दोन तास हिरवळीवर येऊ नये. त्या तर पुरता एक दिवस जाऊ देत. मग दोऱ्याचं एक टोक दातांत धरून जुड्या बांधायच्या, ताम्हनातल्या पाण्यात बुडवून देवाला वाहायच्या. आईनं शिकवलेली रीत ही, आणि आईला तिच्या आईनं.

अनंत चतुर्दशीच्या सकाळी आरती झाली. मांडवात दीडशे माणसं. निमा चेअरमन म्हणून तीर्थ देत होती. रांगेच्या शेवटी रेवती अरविंदरावांचा दंड धरून त्यांना घेऊन आली. निमानं पळीभर तीर्थ त्यांच्या थरथरत्या ओंजळीत घातलं. अर्धं सांडलं, उरलेलं ते प्यायले. मग ओली बोटं त्यांनी दोन्ही डोळ्यांना लावली आणि हात डोक्यावरून फिरवला.

जशी ती सगळेच लावतात. जशी ते रोज घरी लावत, सकाळ संध्याकाळ.

वैजूताई समोर उभ्या होत्या. त्यांच्या हातातली आरती विझली, ते त्यांना कळलंही नाही.

ताम्हनात तळाशी थोडं तीर्थ उरलं होतं आणि त्यात दूर्वांची एक जुडी तरंगत होती. कुणाला काही न सांगता त्यांनी ते वाटीत ओतून घेतलं आणि घरी आल्या. पट्टी बुडवली. दोन मिनिटं यंत्राकडे बघत उभ्या राहिल्या, जशा पूर्वी कंटेनर थांबवायच्या आधी उभ्या राहत.

एचएम ४४१७. खुणेची पट्टी इतकी गडद त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

त्या देवघरासमोर बसल्या. एकतीस वर्षं द्राक्षाचा प्रत्येक मणी त्यांनी संशयानं पाहिला होता. बाजारातली मेथी तीन पाण्यांनी धुणारी बाई ती. पण देवाच्या वस्तूकडे प्रयोगशाळेच्या नजरेनं बघायचं त्यांना कधी सुचलंच नाही. दूर्वा पाण्यात बुडवायच्या ते धुवायला नव्हे, देवाला वाहायला. आणि ज्या पाण्यात त्या बुडवायच्या तेच तीर्थ. औषध पानावरून पाण्यात, पाण्यातून पळीत, पळीतून या माणसाच्या पोटात आणि डोळ्यांत. त्या स्वतः थेंबभरच घेत; हे रोज दोनदा पळीभर. तीन वर्षं. आपल्याच हातानं.

अरविंदराव शेजारी येऊन बसले तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

त्यांनी देवघराकडे मान वळवली. मग म्हणाले, "म्हणजे बाप्पालाही तेच देत होतीस."

"हो."

"त्याचा हात तपासायला हवा." ते हसले, मग हसू थांबलं. "वैजू, सभेत हे सांगशील?"

"सांगितलं तर काय होईल ते मला आत्ताच दिसतंय. म्हणतील, चूक तुमचीच. दूर्वा तोडू नका, झालं. फवारा चालूच राहील. आणि निमा..." त्यांनी तीर्थाची वाटी दूर सारली. "निमा म्हणेल, नवऱ्याला तूच पाजलंस."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर मी त्या कंपनीसारखीच. निम्मं लिहून देणारी."

"मग चल," अरविंदराव म्हणाले. "रविवारी मला पांढरा सदरा काढून ठेव."

रविवारी सकाळी क्लबहाउस भरलं होतं. विषय दोनच होते: हरितमखमलवर कायमची बंदी, आणि लग्नसराईसाठी फवारणी आठवड्यातून तीनदा. वैजूताईंनी उभं राहून खुणेची गोष्ट सांगितली, दूर्वांची सांगितली, तीर्थाची सांगितली. शेवटी स्वतःच्या हातांचीही सांगितली.

मग त्यांना वाटलं होतं तेच झालं. पाटणकर उठले. "वाईट वाटलं, वहिनी. पण मग उपाय सोपा आहे. 'दूर्वा तोडू नयेत' अशी पाटी लावू. बाजारात मिळतात की दूर्वा."

"बरोबर," दोनतीन आवाज आले. "सगळ्यांना शिक्षा कशाला?"

"शिक्षा?" वैजूताईंचा आवाज चिरकला. "तीन एकर जमीन अशी करून ठेवलीय की तिच्यावरचं पान माणसानं ओठाला लावायचं नाही, आणि ती तशी नसावी म्हटलं तर ती तुम्हांला शिक्षा? उद्या रांगतं मूल मूठ भरून तोंडात घालेल. त्याच्यासाठी कुठली पाटी लावाल? त्याला वाचता येतं का? गाय चरायला आली तर विष, पाखरू बसलं तर विष, देवाला वाहिलं तर विष. आणि हे सगळं कशासाठी? उपाशी राहू म्हणून? रोगराई येईल म्हणून? फोटोत डाग दिसतो म्हणून! माझी चूक मी सांगितली. माझ्या चुकीच्या आड लपून तुमची झाकू नका."

"ताई, पुरे," निमा व्यासपीठावरून म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "दहा दिवस सगळ्या टाउनशिपनं तीर्थ घेतलंय. मी तर रोज दोनदा. कुणाला काय झालं? आण ते यंत्र. सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे. माझी पट्टी लाव, म्हणजे तुझंही समाधान होईल आणि सभाही संपेल."

"निमा, हट्ट करू नकोस."

"घाबरलीस?"

बोरस्ते यंत्र घेऊन मागे उभाच होता. निमा प्रसाधनगृहात गेली, छोटी बाटली रुमालात गुंडाळून परत आली. पट्टी यंत्रात गेली. ती दोन मिनिटं कुणीतरी उगाच खाकरत होतं.

निमानं पडदा स्वतःकडे वळवला. चष्मा न लावता वाचता यावं इतकी अक्षरं मोठी होती. तिनं वाचलं. चष्मा लावून पुन्हा वाचलं.

"मोठ्यानं वाच," वैजूताई हळूच म्हणाल्या. "चेअरमन आहेस."

"एचएम... चव्वेचाळीस सतरा." मग निमानं मान ताठ केली. "नुसता नंबर आहे. मला काय झालंय? बघा ना, मला काही झालंय का?"

पहिल्या रांगेतून अरविंदराव उठले. उठायला वेळ लागला, रेवतीनं आधार द्यायला हात पुढे केला तो त्यांनी नाकारला. पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या सारून त्यांनी दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे पुढे धरले. हात थरथरत होते. ते त्यांनी तसेच थरथरू दिले.

"निमा, पहिलं वर्षभर मलाही काही झालं नव्हतं."

निमा त्या हातांकडे बघत राहिली. लहानपणी याच हातांनी तिला अक्षर वळवायला शिकवलं होतं. ती त्यांच्या वर्गातली, वैजूचं लग्न ठरायच्या कितीतरी आधीची. मग तिची नजर रेवतीकडे गेली. रेवतीनं दहाही दिवस तीर्थ घेतलं होतं. दोन महिन्यांनी तिचं लग्न होतं, आणि पुढे काय काय व्हायचं होतं. रेवती आईकडे बघत नव्हती. ती पडद्यावरचा आकडा बघत होती.

"ताई," निमा म्हणाली, आणि खुर्चीवर बसली. "गांगुर्डेबाईंचा नंबर आहे का गं तुझ्याकडे अजून?"

मतदान झालं. बंदीच्या बाजूनं अठ्ठ्याहत्तर, विरोधात एकेचाळीस. एकेचाळीस माणसांनी ते हात बघूनही हात वर केले, हे वैजूताई पुढे कधी विसरल्या नाहीत. त्यांतले काही आजही जिन्यात भेटले की नमस्कार करतात, आणि त्या मान वळवतात.

रेवतीचं लग्न मार्गशीर्षात त्याच हिरवळीवर झालं. मधे मधे पिवळी, कडेला आघाडा, एका कोपऱ्यात चंद्रभागा गांगुर्डे आणि तिच्या बाया पंगतीला बसून खिदळत होत्या. फोटोत डाग दिसले. त्याआधीच असाच फवारा मारणाऱ्या गावातल्या सतरा टाउनशिपांच्या नावांची यादी वैजूताईंनी फ्रीजवर चिकटवली होती, आणि महापालिकेला द्यायच्या अर्जावर पहिली सही निमाची होती. दुसऱ्या टाउनशिपमध्ये दोघी बहिणींना वॉचमननं फाटकातच अडवलं. निमा त्याच्याशी इतक्या जोरात भांडली की वैजूताईंना तिला ओढून आणावं लागलं.

पण दूर्वांवरची खूण जाता जात नव्हती. दर सोमवारी वैजूताई चार पाती खुडत, पट्टी लावत, आणि पडद्यावर तोच आकडा येई. कार्तिकात गडद, पौषात फिका, माघात जेमतेम. ती पाती त्या देवासमोर नेत नसत. बाप्पाला तितके महिने नुसतं लाल फूल मिळालं. अरविंदरावांचा डावा हात हळूहळू शांत झाला, डोळ्यांचं पाणी थांबलं. उजवा हात मात्र राहिला तो राहिला. डॉक्टर पगार म्हणाले, काही तंतू परत येत नाहीत, मावशी. वैजूताईंनी विचारलं, कुणाकडे मागायचे ते?

फाल्गुनातल्या विनायकीला सकाळी त्यांनी पुन्हा पट्टी लावली. दोन मिनिटं झाली. पडदा कोरा राहिला, मग अक्षरं आली: खूण आढळली नाही. त्यांनी दुसरी पट्टी लावली. तिसरी लावली. मग खिडकी सताड उघडली. खाली गांगुर्डेबाई कुणाला तरी शिव्या घालत हसत होती, आणि कठड्याजवळच्या तुळशीच्या मंजिरीभोवती काहीतरी जाडसर काळं घुमत होतं. वैजूताईंना वाटलं, कान वाजतायत. नव्हते वाजत.

त्या खाली उतरल्या, परडीभर दूर्वा घेऊन वर आल्या आणि अरविंदरावांसमोर ठेवल्या.

त्यांनी डाव्या हातानं तीन पाती उचलली, उजव्यात धरायला गेले, ती निसटली. पुन्हा उचलली, पुन्हा निसटली. तिसऱ्या वेळी त्यांनी दोऱ्याचं टोक वैजूताईंपुढे केलं.

"दातांत धर," ते म्हणाले.

वैजूताईंनी दोरा दातांत धरला.